‘चालु’ ऐकू आलं की ब्रेक मारा : गाडी मागे घेण्याची रीत

सोलापुरात गाडी मागे घ्यायची तर ‘बास’ हा शब्द निदान तीन भाषांत ओळखता आला पाहिजे. मला तो कळेपर्यंत एका माणसाचं मनगट मोडलं.

२००४ सालची गोष्ट. माझ्याकडे चारशेसात टेम्पो होता. पूर्व भागातल्या कारखान्यांतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलायचे आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायचे, हे रोजचं काम. अशोक चौकाच्या आतल्या अंगाला एक बोळ आहे. टेम्पो त्यात शिरला की दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. त्या दिवशी माझा क्लिनर आला नव्हता. कारखान्यातले एक वयस्क कामगार आपणहून मागे उभे राहिले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते हाळी देत होते, “रानी, रानी, रानी...” तेलुगूत ‘येऊ दे’. एवढं मला कळत होतं. मग आवाज आला, “चालु! चालु!” मला वाटलं, चालू ठेव म्हणतायत. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. मी हातभर आणखी मागे घेतली आणि फाळका, म्हणजे टेम्पोची मागची फळी, अन् भिंत यांच्यामध्ये अण्णांचा हात सापडला.

अण्णा त्यांच्या भाषेत बरोबरच बोलले होते. चूक माझी. ते मला आरशात दिसत नव्हते आणि तरी मी गाडी हलती ठेवली. हाड जुळलं, पण त्या हाताने त्यांना पुन्हा मागावर पूर्वीसारखं काम करता आलं नाही.

आता मी चिंचोली एमआयडीसीत ट्रान्सपोर्टवाल्यांच्या नव्या ड्रायव्हर पोरांना शिकवतो. पहिले दोन दिवस फक्त रिव्हर्स. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. घरची कार चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी बघा, मागे घ्यायची गरज आहे का

बरेचदा नसते. एमआयडीसीत किंवा मार्केट यार्डात पुढून गोल वळसा मारून गाडी लावता येते, पण दोन मिनिटं वाचवायला आपण मागे घेतो. पन्नास पावलं पुढे जाऊन वळायची सोय असेल तर पुढे जा. बोळात जायचंच असेल तर जाताना रिव्हर्समध्ये जा आणि निघताना सरळ तोंडाने बाहेर या. कारण आत जाताना तुम्ही नुकतेच त्या जागेवरून आलेले असता. कुठे काय आहे, कोण बसलंय, हे ताजं डोळ्यांसमोर असतं. निघताना मात्र तासाभरात सगळं बदललेलं असतं आणि पाठीमागून वर्दळीच्या रस्त्यावर यायचं म्हणजे दोन्हीकडची मोटारसायकल दिसत नाही.

घरच्या कारचंही तसंच. संध्याकाळी आल्या आल्या गाडी मागे घेऊन लावा. सकाळी शाळेच्या वेळेला अंगणात पोरं, सायकली, दूधवाला, सगळं एकदम असतं. तेव्हा गाडीचं तोंड रस्त्याकडे असू दे.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांतही ही जबाबदारी ड्रायव्हरवर टाकलेली आहे. मागे घेताना कुणाला धोका होणार नाही याची खात्री त्याने स्वतः करायची. क्लिनर ‘येऊ दे’ म्हणाला होता, हे उत्तर चालत नाही.

खाली उतरा

हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. गाडी थांबवा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि उतरा. समोरून निघून डाव्या बाजूने मागे जा, मागची जागा नीट बघा, मग उजव्या बाजूने आपल्या दारापाशी या. डावी बाजू आधी, कारण ती तुम्हाला सीटवरून सगळ्यात कमी दिसते.

मागे बघायचं म्हणजे नुसती माणसं नाहीत. वर बघा. विजेची तार, केबल, छज्जा, पत्र्याच्या शेडची बाहेर आलेली कड. गाडीत सळया किंवा पाइप भरले असतील तर ते फाळक्याच्या किती बाहेर आलेत ते बघा, कारण गाडीच्या आधी तेच जाऊन लागतात. खाली बघा. आपल्याकडे जुन्या बोळांत गटारावर शहाबादी फरशी टाकलेली असते. माणसाच्या वजनाला ती टिकते, भरलेल्या गाडीच्या चाकाखाली मोडते आणि गाडी एका अंगाला कलते. गाडीखालीही वाका. उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सावली म्हणून ट्रकखाली माणूस झोपलेला मी दोनदा पाहिलाय. कुत्री तर रोजच.

बघून झालं की लगेच बसा आणि लगेच निघा. मध्ये फोन आला, कुणी बोलायला लागलं, पावती आणायला गेलात, तर मघाचं बघणं गेलं. पुन्हा उतरा. पोरं इथे कंटाळतात. मी त्यांना सांगतो, रांगतं पोर दारातून अंगणात यायला किती वेळ लागतो तो घरी मोजून बघा आणि मला येऊन सांगा.

न दिसणारी जागा किती मोठी असते, हे बोलून पटत नाही, म्हणून एक प्रयोग करून घेतो. ड्रायव्हर सीटवर बसतो. दुसरा माणूस प्लॅस्टिकची बादली गाडीला चिकटून मागे ठेवतो आणि एकेक पाऊल मागे सरकवत नेतो. बादलीचा काठ आरशात दिसला की ड्रायव्हर हॉर्न देतो आणि तिथे खडूची रेघ मारायची. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींच्या उंच गाडीमागे हे केलं तर अकरा पावलं मोजली. गुरुजी उतरून त्या रेघेपर्यंत चालत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्यांचा नातू त्या बादलीहून फार उंच नव्हता. ट्रकला तर आतला आरसा उपयोगाचाच नाही, मागे मालाचा हौदा असतो. बाहेरच्या आरशांत दोन बाजू दिसतात. हौद्याच्या रुंदीएवढी मागची पट्टी बऱ्याच लांबपर्यंत दिसत नाही.

मागे उभा राहणारा माणूस

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

माणूस एकच हवा. मार्केट यार्डात कांद्याच्या दिवसांत गाडी मागे घ्यायला लागलं की चार हमाल, एक अडत्याचा माणूस आणि शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर असे सगळे एकदम ओरडतात. अशा वेळी गाडी थांबवा, उतरा, एकाला बोट दाखवून सांगा, “दादा, तुम्ही सांगा, बाकीच्यांनी बाजूला व्हा.” मात्र एक लक्षात ठेवा. ‘ये’ त्या एकाचंच ऐकायचं, ‘थांब’ कुणीही म्हणालं तरी थांबायचं. चहावाल्या पोराने ओरडलं तरी.

‘ये’ सांगणाऱ्या माणसाने उभं राहायचं उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या अंगाला, गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून चार-पाच पावलं मागे आणि गाडीच्या वाटेच्या बाहेर. गाडी आणि भिंत, गाडी आणि माल उतरवायचा धक्का, गाडी आणि दुसरी गाडी, यांच्यामध्ये कधीही नाही. गाडीसोबत पाठमोरं चालत जायचं नाही. अडखळून पडलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात बघायचं. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत असेल तर ड्रायव्हरलाही तो दिसतोय. चेहरा दिसत नसेल तर त्याने जागा बदलायची.

आणि ड्रायव्हरसाठी एकच नियम मी वहीत लिहून घेतो: माणूस आरशातून गेला की पाय ब्रेकवर. तो कुठे गेला असेल याचा अंदाज करत बसायचं नाही. थांबून उतरायचं, दिसला की मग पुढचं.

आता खुणा. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. विजापूर वेशीत गाडी लावताना कुणी ‘बस, रुको’ म्हणेल. अक्कलकोटकडचा हमाल कन्नडमध्ये ‘बर्ली, बर्ली’ म्हणेल, म्हणजे येऊ दे, आणि ‘साकु’ म्हणाला की पुरे. पूर्व भागात ‘रानी’ म्हणजे येऊ दे, ‘आपु’ म्हणजे थांबव, आणि ‘चालु’चं तर सांगितलंच. हे शब्द पाठ करा. पण काम शब्दांवर सोडू नका, हाताच्या खुणा आधी ठरवा. येऊ दे म्हणजे तळवा आपल्याकडे हलवत राहणे. किती उरलंय ते दोन तळव्यांमधल्या अंतराने दाखवणे, आणि अंतर कमी होईल तसे तळवे जवळ आणणे. थांब म्हणजे दोन्ही हात डोक्याच्या वर, तळवे ड्रायव्हरकडे. अंधारात हातात टॉर्च, आणि टॉर्च विझली की थांबायचं.

शिट्टी असेल तर उत्तम. छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे ये, एक लांब शिट्टी म्हणजे थांब, आणि शिट्टी बंद पडली तरी थांब. हौद्यावर थाप मारायची पद्धत मला अजिबात पसंत नाही. थाप मारायची तर हात गाडीला लागेल इतकं जवळ यावं लागतं, आणि आतला माल सरकला तरी तसाच आवाज होतो. खिडकीची काच खाली, टेप बंद, पंखा बंद. क्लिनरच्या हातात मोबाईल दिसला तर गाडी हलवू नका.

बझर : वाजतो, पण ऐकतं कोण?

रिव्हर्स गिअर पडला की मागचे पांढरे दिवे लागतात आणि बझर वाजतो. दोन्ही साधारण गिअरबॉक्सवरच्या एकाच स्विचवर चालतात. त्यामुळे तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, चावी ऑन, गिअर रिव्हर्समध्ये, आणि उतरून मागे जा. दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर फ्यूज किंवा स्विच बघा. दिवा लागतो पण बझर नाही, तर बझर गेलाय किंवा त्याची वायर तुटलीय. किंवा कुणीतरी कापलीय. रात्री लोक ओरडतात म्हणून वायर कापलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्यात. रोज सकाळी हवा-पाणी बघता तेव्हा ही अर्धा मिनिटाची तपासणी त्यातच धरा.

बझरवर विसंबू नका, याची कारणं आहेत. ‘पीं पीं’ हा एकाच सुराचा आवाज असतो. दोन भिंतींच्या बोळात तो आपटून सगळीकडून येतो आणि कुठली गाडी मागे येतेय हे कानाला कळत नाही. यार्डात तर एका वेळी पाच गाड्या वाजत असतात. हल्ली दुसऱ्या जातीचे बझर मिळतात. त्यांचा आवाज नळातून जोराची हवा सुटावी तसा असतो, ‘खश्श, खश्श’. त्यात अनेक सूर मिसळलेले असल्याने आवाज कुठून येतोय हे कानाला लगेच उमगतं, आणि गाडीच्या मागच्या पट्ट्याबाहेर तो लवकर विरतो, म्हणून शेजारपाजारही कमी त्रासतात. वायर कापण्यापेक्षा हा बझर बसवा. आजूबाजूच्या गोंगाटाप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारेही येतात.

पण पूर्व भागातली अडचण वेगळी आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी कानात ओरडून बोलावं लागतं. तिथे वीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान मंद झालेले असतात, आणि नेमके वरचे सूर त्याला आधी ऐकू येईनासे होतात. शिफ्ट सुटल्यावर तो गाडीच्या मागून शांतपणे चालत जातो आणि आपण हॉर्नवर हॉर्न देत त्याच्यावर चिडतो. त्याला खरंच ऐकू आलेलं नसतं. कारखान्यांच्या गल्लीत आवाज हा इशारा नाहीच असं धरून चाला, आणि शिफ्ट सुटायच्या वेळी गाडी मागे घेऊच नका. पंधरा मिनिटं चहा घ्या.

सेन्सर आणि कॅमेरा

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. ती सक्ती प्रवासी कारच्या वर्गाला आहे. तुमच्या जुन्या टेम्पोला काही नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेराच सक्तीचा आहे. त्यामागचा २००७ चा कायदा ज्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने आहे, तो घराच्या दारातच, वडिलांच्याच गाडीखाली गेला होता.

सेन्सर म्हणजे बंपरमधली ती गोल बटणं. ती साधारण चाळीस हजार हर्ट्झचा आवाज सोडतात. माणसाच्या कानाला वीस हजाराच्या वर ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. तो आवाज वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात. हे समजलं की सेन्सर कुठे फसणार हेही समजतं. आवाज परत आला नाही तर सेन्सरच्या लेखी तिथे काही नाही. बारीक खांब, साखळी, दोरी, तिरका पत्रा यांच्यावरून आवाज भलतीकडे जातो. मऊ, जाड कापड आवाज पिऊन टाकतं. टॉवेलच्या गठ्ठ्याजवळ जाताना सेन्सर उशिरा बोलतो हे मी पाहिलंय. उघडं गटार आणि खड्डा त्याला दिसूच शकत नाही, कारण तिथे आपटायला काही नसतं. बंपरपेक्षा खाली असलेला दगड जवळ गेल्यावर नजरेआड होतो. चिखल वाळून बटणावर बसला की तो मुका होतो किंवा उगाच ओरडत राहतो. बोटाने खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

कॅमेऱ्याची काच फार रुंद दाखवते, म्हणून वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. पडद्यावरच्या रंगीत रेघा सपाट जमिनीसाठी असतात; चढ-उतारावर त्या खोटं बोलतात. दुपारच्या उन्हात पडदा पांढरा पडतो. कॅमेरा असूनही क्रम हाच ठेवा: आधी उतरून बघणं, मग दोन्ही आरसे आणि मान वळवून मागची काच, मग पडदा, पुन्हा आरसे. नुसत्या पडद्याकडे बघत मागे घेणारा बाजूने येणाऱ्या माणसाला तो पडद्यात आल्यावरच बघतो.

आणि वेग. बरेच सेन्सर दीड मीटरच्या आत वस्तू आली की बोलू लागतात. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ मीटर. आवाज ऐकून, कळून, पाय ब्रेकवर जाऊन तो दाबला जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात दीड मीटर संपलेला असतो. ताशी २ किलोमीटरला तेवढ्याच वेळात गाडी मीटरभरसुद्धा जात नाही. म्हणून ॲक्सिलरेटरला पाय नाही. क्लच अर्धा सोडून इंजिनच्या संथ ताकदीवर गाडी सरकवायची, आणि दुसरा पाय ब्रेकवर टेकलेला ठेवायचा.

वळवून मागे घ्यायची असेल तर शक्यतो उजवीकडे वळेल अशी लावा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे आहे, आतला कोपरा खिडकीतून दिसतो. मागे बघण्याच्या नादात पुढचं नाक विसरू नका. ते उलट्या बाजूला झुकतं आणि शेजारी लावलेली मोटारसायकल पाडतं.

उसाची ट्रॉली

ट्रॅक्टरवाल्या पोरांसाठी हे वेगळं लिहितो. ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रॉलीचं मागचं टोक जातं. थोडं थोडं फिरवा. ट्रॉली मुडपायला लागली तर आणखी मागे रेटू नका, पुढे घेऊन सरळ करा. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागची सोडा, मग मागे घ्या. दोन्ही सरळ नेईन म्हणणाऱ्यांनी चिखलात हूक तोडलेले मी पाहिलेत.

ऊसतोडीच्या फडात सगळ्यात मोठा धोका मात्र ट्रॉली मुडपण्याचा नाही. तोडीला आलेल्या टोळीची लेकरं दिवसभर फडातच असतात. आई-बाप पहाटेपासून कोयता चालवतात, आणि पोरं सावली दिसेल तिथे, पाचटावर, ट्रॉलीच्या चाकापाशी, झोपतात. पाचटाचा रंग आणि मळक्या गोधडीचा रंग एकच. सेन्सर नाही, कॅमेरा नाही, बझर नाही, आणि वर मोठ्याने टेप.

टेप बंद करा. फडात पोचल्यावर मुकादमाला पहिला प्रश्न विचारा, “मामा, टोळीत लेकरं किती?” तो आकडा लक्षात ठेवा. गाडी हलवायच्या आधी ट्रॉलीच्या पत्र्यावर दांडक्याने दोन-चार वेळा जोरात वाजवा, सगळ्या चाकांखाली वाका, आणि एखाद्या मावशीला सांगून पोरं फडाच्या एका बाजूला, ट्रॅक्टरच्या पुढे, तुम्हाला दिसतील अशी उभी करा. मोजा. सात म्हणाला असेल आणि सहा दिसत असतील, तर सातवं सापडेपर्यंत चावी खिशात.